झाकणावरचे नंबर

मीरासाब चाचांनी तपकिरीची डबी उघडली आणि मी नेमूला कोपरानं ढोसलं.

डबीत तपकीर निम्मीच होती. निम्मा हिंग. तोही साधासुधा नव्हे, खड्याचा, खलबत्त्यात कुटून फडक्यातनं गाळलेला. चाचा नळावर हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी कामगिरी उरकली होती आणि आता तोंड जमेल तितकं बावळट करून बसलो होतो.

चाचांनी चिमूट उचलली. उजव्या नाकपुडीत ओढली, मग डाव्या. खोलीत असा भपकारा सुटला, की चहा घेऊन आलेल्या पद्मजा वहिनी, म्हणजे नेमूची बायको, दारातच थबकल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. नेमूच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मला तर जिभेवर फोडणी लागल्यासारखं झालं.

आणि चाचा? त्यांनी एकदा नेमूकडं बघितलं, एकदा वहिनींकडं. मग सावकाश रुमालानं नाक पुसलं, डबी खिशात घातली आणि म्हणाले, "बरी हाय आजची. तूच भरलीस काय रं, भैरू?"

संपला विषय. शिंक नाही, खोकला नाही, नाकाचा शेंडासुद्धा हलला नाही. वहिनी हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. नेमू म्हणाला, "भैऱ्या, आज तुला तुझा बाप भेटला बघ."

निपाणीत ही बातमी पसरायला दोन तास लागले. माझा धंदा बारदानाचा. वखारीतली वापरलेली पोती घ्यायची, ठिगळं मारायची, परत वखारींनाच विकायची. ह्या कामाला डोकं लागत नाही, त्यामुळं माझं डोकं कायम दुसऱ्या उद्योगांना मोकळं. एका वखारमालकाच्या नव्या गाडीला मी बकरीच्या आवाजाचा हॉर्न बसवला होता आणि तो थेट त्याच्या पोराच्या वरातीत वाजला होता. अशी माझी ख्याती. आणि आता ज्या वखारीत जाईन तिथं तंबाखू चाळणाऱ्या बायका विचारायच्या, "काय भैरूभाऊ, हिंग आणलासा काय?"

शेहेचाळीस वर्षांच्या बाप्यानं हे कसं सोसायचं? मी ठरवलं, म्हाताऱ्याच्या त्या नाकाला एकदा चितपट करायचंच.

आता ते नाक म्हणजे काय होतं ते सांगितलं पाहिजे. मीरासाब चाचा पन्नास वर्षं वखारींतले पारखी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर माल नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि गाव सांगायचे. गाव काय, शेत सांगायचे. "ह्यो माळावरचा. ह्येला वाळताना एकदा पाऊस लागलाय, वरनं झाकलाय तुमी." शेतकरी बिचारा खाली बघायचा. चाचांनी मान हलवली की माल आत, नाही हलवली की गाडी माघारी. वय झालं तसं त्यांनी वखार सोडली, पण एखाद्या मालावर भांडण लागलं की अजूनही माणूस त्यांच्या दारात यायचा.

नेमूपण असाच त्यांच्या दारात गेला होता.

नेमगोंडा हा माझा शाळेपासूनचा दोस्त. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा आणि दिवसाला वीस सिगारेटी ओढायचा. त्याला कुणीतरी पुण्याहून वाफेची नळी आणून दिली. असल्या नळ्यांवर बंदी यायच्या आधीची गोष्ट आहे ही. पेनाएवढी नळी, आत बारीक तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापूस. कापसाला रस पाजायचा, बटण दाबलं की तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. धूर नाही, राख नाही. नेमूची सिगारेट सुटली, पण कुरकुर सुटली नाही.

"भैऱ्या, ह्या रसात आंबा हाय, पुदिना हाय, गुलाब हाय. आणि तंबाखू म्हणून जी बाटली देतात तीत तंबाखू सोडून सगळं हाय. आणि आपण बसलोय कुठं? निपाणीत, मर्दा!"

मग ह्यानं वर्षाची बिनपगारी रजा टाकली आणि खऱ्या पानाचा अर्क काढायला बसला. पहिला अर्क काढला वहिनींच्या कुकरात. तीन शिट्ट्या. चार दिवस त्या घरात भातालासुद्धा तंबाखूचा वास. तो अर्क नळीत घातला तर जळक्या चिंचेच्या कोळासारखा लागला आणि तिसऱ्या झुरक्याला आतल्या कापसाचा कोळसा. तेव्हा गेला चाचांकडं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्यात लोणचं कुकरात करत्यात काय?"

तिथनं नेमूची शिकवणी सुरू झाली. पान चाचांनी निवडायचं, बारा ठिकाणचं बारा. भुकटी करायची नाही, हातानं मोठे तुकडे करायचे. भुकटी केली की ती गाळता गाळता नाकी नऊ येतात. तुकडे काचेच्या बरणीत, वरनं ते औषधात घालतात तसलं गोडसर, नितळ ग्लायकॉल. जाळ नाही. अंधाऱ्या खोलीत सहा आठवडे. रोज सकाळी बरणी हलवायची, बाळाला हलवल्यासारखी. मग आधी फडक्यातनं गाळायचं, मग कॉफी गाळायच्या कागदातनं, मग परत कागदातनं, उजेडात धरल्यावर एक कण दिसेना होईपर्यंत. एवढा कण राहिला तरी तो तारेवर बसतो, जळतो आणि सहा आठवड्यांची मजा एका झुरक्यात जाते. गाळून झालं तरी घाई नाही, बाटलीत भरून परत मुरत ठेवायचं. आणि ओढताना नवा कापूस, कमी आच.

"तंबाखूला दमानं घ्यायचं, मास्तर," चाचा म्हणायचे. "बिडीवाला ओढतो त्यो कडक. तुमाला पायजे त्यो वास. वास लाजरा असतो, जाळ बघून पळतो."

अशा पहिल्या बारा बरण्यांतनं चार, सात आणि अकरा नंबरचा अर्क मिसळून नेमूनं एकच बाटली तयार केली आणि पुण्याच्या तनया कारखानीस मॅडमना दिली. त्या परदेशात असले रस पाठवायच्या. त्यांचा फोन आला. "नेमगोंडा सर, असं मी आजवर ओढलेलं नाही. पण एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही. हेच परत करून दाखवा. सात आठवड्यांनी, रविवारी अकरा वाजता, मी येते. जुळलं तर वर्षभर तुमच्याकडूनच घेईन."

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी कॉलेजात हजर व्हायचं होतं. प्राचार्यांनी लिहूनच पाठवलं होतं, नाहीतर जागा भरू. म्हणजे रविवारी जुळलं तर नेमू आयुष्यभर त्याच्या मनाचं काम करणार, नाही जुळलं तर सोमवारी पुन्हा फळ्यावर मिथेन काढणार.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी शुक्रवारी दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत शिरलो.

नेमू कागद आणायला बाजारात गेला होता. फळीवर दुसऱ्या लॉटच्या बारा बरण्या, हलवून जशा हाताला आल्या तशा ठेवलेल्या. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांत तेच काळपट पाणी आणि काळी पानं. नंबर होते झाकणांवर, पांढऱ्या पट्टीवर. माझा बेत साधा होता. शनिवारी गाळायच्या आधी चाचा येणार, प्रत्येक बरणी हुंगणार. झाकणं बदलून चारच्या जागी नऊ ठेवायचा. ओळखला तर ठीक, आपण शरण. नाही ओळखला तर मी उठून सांगणार, "चाचा, हिंग लागला वाटतं नाकाला?" आणि लगेच झाकणं परत जागच्या जागी. कुठलं झाकण कुठं लावलं ते विसरू नये म्हणून मी डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहीत होतो. बघा, किती जबाबदार माणूस!

चार आणि नऊ झाले. मग वाटलं, दोनच कशाला, सात आणि अकरापण करू. मग वाटलं, थोडक्यात कशाला आवरायचं. बाराच्या बारा झाकणं फिरवली. तळहात भरून गेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातनं हाक. "भावजी, आलायसा तर जेवूनच जावा. थालीपीठ गरम हाय. हात धुवा आधी."

मी बाहेर आलो. वहिनींनी तांब्या धरला. मी साबण लावून चोळून चोळून हात धुतले, अगदी चांगल्या घरच्या पोरासारखे.

पहिला घास लोण्याबरोबर तोंडात गेला आणि मग मला माझा डावा तळहात दिसला. गोरापान. स्वच्छ.

"काय झालं? मीठ कमी हाय काय?" वहिनी म्हणाल्या.

"न्हाई वहिनी," मी म्हटलं. "सगळं एकदम साफ हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पोचलो तर नेमू खोलीत जमिनीवर बसलेला. चार नंबरचं झाकण उघडं. एकेक बरणी नाकाशी नेत होता, ठेवत होता, परत पहिलीकडं जात होता.

"भैऱ्या, बिघडलं रे. चार नंबर चार नंबरसारखा येईना. काहीतरी आंबलं. नाहीतर माझं नाक गेलं. सहा बरण्या हुंगल्यावर सगळंच सारखं यायलंय."

"बिघडलं न्हाई," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं.

नेमूनं मला मारायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या. तो नुसता भिंतीला टेकला आणि फळीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "चार, सात, अकरा. बारातनं तीन. उद्या अकरा वाजता." एवढंच.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "भावजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही हे जास्त वाईट होतं, "वर्षभर हा माणूस सकाळी उठून आधी ह्या बरण्या हलवतो, मग चहा घेतो. आणि तुम्ही माझ्या हातचं जेवून गेलासा काल."

मी स्कूटर काढली आणि चाचांच्या घरी गेलो. चाचा अंगणात शेळीला पाला घालत होते. मागं बसवलं आणि वाटेत सगळं सांगितलं, तोंड पुढं असल्यामुळं सांगता आलं. चाचांनी मागनं माझा खांदा धरला. मग विचारलं, "नंबर बरणीला न्हवतं?"

"न्हाई. झाकणाला."

मागं पोट हलायला लागलेलं मला पाठीला जाणवलं. म्हातारा हसत होता. "मास्तर त्यो मास्तरच. पण तू बारदानवाला रं? पोत्याला खूण कुठं करत्यात?"

"पोटाला."

"का?"

"तोंड उघडतं. पोट उघडत न्हाई."

"मग? झाकणावर नंबर बघून तोंड शिवलं हुतं काय तुझं? चेष्टा सुचती, एवढं सांगाय सुचत न्हाई."

मी स्कूटरचा वेग वाढवला. खरं होतं.

चाचांनी खोलीत पाऊल टाकलं. नेमू उठून उभा राहिला. चाचा म्हणाले, "मास्तर, एक पांढरी ताटली द्या, चिमटा द्या, आणि तुमी दोघं भाईर बसा. भैरू राहू दे. ज्यानं झाकलंय त्यानंच उघडायचं."

खिडकीची फळी त्यांनी ढकलली. उन्हाचा एक पट्टा ताटलीवर पडला. मी पहिली बरणी उघडली. चाचांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, वखारीत घ्यायचे तसाच. मी वाट बघत होतो. त्यांनी बरणी खाली ठेवली. मग चिमट्यानं पानाचा एक तुकडा काढून ताटलीवर पसरला आणि त्याच्या मधल्या शिरेवरनं अंगठा फिरवला. इतका हळू, की मला वाटलं पान झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाहीये.

"जाड शीर, पातळ पान. पाणी लई प्यालंय. नदीकाठचं. भिवशीचं. ही एक नंबरची बरणी."

दुसरी बरणी. पुन्हा नाक, पुन्हा श्वास. मग तुकडा बोटांत चोळला. "चिकटतंय बघ. हात लाव. माळावरचं, पाण्यावाचून वाढलेलं. सगळा जीव पानात आलाय. अकरा."

तिसरीतलं पान त्यांनी कानाशी धरलं आणि हळूच फाडलं. भिजलेलं पान! मला काही ऐकू आलं नाही. चाचांना आलं. "ह्ये उन्हात जास्त राहिलं. आतनं कुरकुरतंय अजून. आठ."

चौथीतलं त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं. टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं. "ह्या वर्षी एकाच शेतात अळी पडली हुती. त्यो शेतकरी माझ्यापाशी रडला हुता. पाच."

मी नुसता झाकणं उघडत होतो आणि खडूनं बरणीच्या पोटावर आकडे घालत होतो. मी वखारीत जन्म काढलाय. माणसं पाच मिनिटांत मालाची पारख करताना बघितली आहेत. पण सहा आठवडे भिजून काळं ठिक्कर पडलेल्या चिंध्यांतनं एक माणूस शेतं उभी करत होता. माती, पाणी, कुठल्या बाजूनं ऊन, कुणाच्या बायकोनं पान उलटायला उशीर केला, सगळं. खोलीत बारा गावं येऊन बसल्यासारखं वाटलं मला. चेष्टा करायची सोडा, मोठ्यानं श्वास घ्यायची हिंमत होईना.

दहा बरण्या झाल्या. चार सापडली, अकरा सापडली. उरल्या दोन. सात आणि नऊ.

चाचांनी दोन्हीतलं पान काढलं. अंगठा फिरवला. चोळलं. कानाशी नेलं. उजेडात धरलं. पुन्हा अंगठा. पुन्हा उजेड. मग दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले आणि हात मांडीला पुसले.

"काय झालं, चाचा?"

"एकाच शेतातलं हाय दोनी. अकोळच्या. सात तीन वर्षं पोत्यात बसलेलं, नऊ ह्या वर्षीचं. वाळलेलं असतं तर बोटानं सांगितलं असतं. भिजल्यावर दोनी भाऊ सारखं दिसाय लागले." जरा थांबले. "ह्ये वासानंच कळणार."

"मग हुंगा की."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग बरणी उचलून माझ्यापुढं धरली. "तू हुंग."

"मी? तुमचं नाक असताना माझं कशाला?"

"हुंग म्हटलं न्हवं. आणि खरं सांग."

मी बरणी हातात घेतली नाही. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते म्हणाले, "त्या दिवशी डबीत हिंग हुता न्हवं?"

"तुमाला कळलं हुतं की! तूच भरलीस काय म्हणालासा."

"पद्मजानं पदर लावला नाकाला. मास्तरच्या डोळ्यात पाणी. आणि तुझं तोंड मांजरानं दूध प्यायल्यासारखं. त्यावरनं वळखलं. हिंग हुता त्ये दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं."

बाहेर वहिनींच्या बांगड्या वाजल्या. मी आवाज खाली आणला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"सात वर्षं. ताप आला, एकवीस दिवस. उठलो, तपकीर वढली, कायच न्हाई. वाटलं तपकीर जुनी हाय." ते हसले. "शेळीचं दूध, कालवण, अत्तर, गटार, सगळं सारखं."

"आणि वखारीत? परवा त्या दोन व्यापाऱ्यांचं भांडण तुमी मिटवलं ते?"

"नाकाशी न्यायचं, कारण लोक नाकाकडं बघत्यात. बोटाकडं कोण बघतंय? पन्नास वर्षं सगळे म्हणाले मीरासाबचं नाक, मीरासाबचं नाक. मलाबी तसंच वाटत हुतं. नाक गेल्यावर कळलं, बोटं आधीपासनं काम करत हुती." मग बरणी पुन्हा पुढं केली. "पण ह्या दोघांना बोट पुरत न्हाई. हुंग."

मी बरणी हातात घेतली. आयुष्यात मी इतकं खोटं बोललोय, की माझ्या खऱ्यावर माझी बायकोसुद्धा दोनदा विचारून विश्वास ठेवते. आणि हा माणूस मला स्वतःचं नाक म्हणून वापरायला निघाला होता.

मी पहिली बरणी हुंगली. मग दुसरी. दोन्हीत तंबाखूच. मला काय कळणार होतं? "चाचा, मला तंबाखूतलं काय कळत न्हाई."

"तुला काय कळतं?"

"मला? पोती कळतात."

"मग पोत्यातलं सांग."

मी बाहेर जाऊन मोकळ्या हवेत दोनदा श्वास घेऊन आलो. डोळे मिटले. पहिली बरणी. आणि मग, काय सांगू, एकदम माझं गोडाऊन डोळ्यांपुढं आलं. नुकतं रिकामं झालेलं नवं पोतं उलटं केल्यावर जो वास येतो तो. त्यात अजून ऊन असतं, कडबा असतो, नाकाला जरा टोचतो. दुसरी बरणी. हा वास मला पाठ होता. तीन-तीन, चार-चार वर्षं माल बसलेलं पोतं. कितीही झटका, धुवा, तो जात नाही. गुळाच्या ढेपेखालच्या फडक्यासारखा, गोडूस, खोल. असल्या पोत्यांना मी कमी भाव देतो, कारण दुसरा माल भरला तर त्याला तो वास लागतो.

"ही सात," मी म्हटलं. "ह्यात जुनं पोतं हाय. त्यात नवं."

"नक्की?"

"नक्की."

"चेष्टा न्हाई?"

"आईशप्पथ."

"तुझी आई साधी बाई हुती, भैरू. तिची खोटी खाऊ नगंस."

"खरी हाय, चाचा."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी बरणीच्या पोटावर सात घातला. त्यांनी तो बघितला, मान हलवली. वखारीत हलवायचे तश्शी. माल आत.

"दार उघड," ते म्हणाले. दुसरं काही सांगितलं नाही. कुणाला सांगू नको, असंसुद्धा नाही.

मी दार उघडलं. नेमू उभा राहिला.

"काय म्हणालं नाक?" वहिनींनी विचारलं.

चाचा माझ्याकडं बघत होते. सगळ्यात मोठी बातमी माझ्या जिभेवर होती. असली बातमी पूर्वी मिळाली असती तर मी गावभर फिरलो असतो, घरोघरी थांबून.

"बारापैकी बारा," मी म्हटलं. "माझी हार झाली, वहिनी. चाचांचं नाक म्हणजे नाक हाय."

दिवसभर गाळणं चाललं. फडकं, कागद, परत कागद. थेंब थेंब पडत होता आणि नेमू प्रत्येक थेंब उजेडात बघत होता.

रविवारी अकराला तनया मॅडम आल्या. तिशीतल्या, केस बारीक कापलेले, बोलायला कमी. मुरायला वेळच कमी मिळालाय, असं नेमू सांगायला लागला तर त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. मागची बाटली आली त्याच दिवशी मी चाखली होती आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवली होती." त्यांनी बॅगेतनं दोन नळ्या काढल्या, दोन्हींत नवा कापूस स्वतःच्या हातानं भरला. एकीत मागच्या बाटलीतलं जपून ठेवलेलं, दुसरीत कालचं. आच अगदी कमी. कापूस भिजेपर्यंत दहा मिनिटं आम्ही सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

पहिली नळी. वाफ सोडली. पाणी प्याल्या. दुसरी नळी. वाफ तोंडात धरून ठेवली, मग नाकातनं सोडली. खोलीत एक निळसर धागा तरंगत राहिला. परत पहिली. परत दुसरी. नेमूनं माझं मनगट असं आवळलं होतं, की वळ तीन दिवस राहिला.

मॅडमनी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मला सांगता येत नाहीये कुठली कुठली."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. ह्या वेळी हिंग नव्हता.

"पानं कोण निवडतं?" मॅडमनी विचारलं. सगळ्यांनी चाचांकडं बोट केलं. मॅडम उठल्या, दोन्ही हात जोडले. "चाचा, तुमच्या नाकाचा विमा उतरवायला हवा."

"व्हय की," चाचा गंभीर तोंडानं म्हणाले, "एजंट भैरूला करूया."

मी एवढा हसलो, की मॅडमना वाटलं मला वेड लागलंय. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हसतासा काय? पाया पडा चाचांच्या." मी पडलो. वाकताना कुठलीही चेष्टा मनात न येता वाकलो असा तो पहिलाच दिवस.

नेमूनं सोमवारी कॉलेजला नकार कळवला. पुढं दोनेक वर्षांनी बंदी आली, बरण्या परत लोणच्याला गेल्या, नेमू आता क्लास चालवतो आणि पोरांना अर्क कसा काढायचा ते संत्र्याच्या सालीवर शिकवतो. सिगारेटीला मात्र परत शिवला नाही. चाचांना जाऊन चार वर्षं झाली. गावात अजून म्हणतात, मीरासाबसारखं नाक परत होणे नाही. मी मान हलवतो. आज हे पहिल्यांदा सांगतोय.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं. नेमू आणि वहिनी मॅडमना गाडीपर्यंत सोडायला गेले. खोलीत चाचा आणि मी. चाचांनी टेबलावरची छोटी बाटली उचलली, बूच काढलं, नाकाखाली धरली. डोळे मिटले. मोठा श्वास. सवयीनं. मग बाटली माझ्याकडं केली.

"सांग."

"काय सांगू?"

"कसा झालाय त्ये. निवडला मी, मुरवला मी. मला ठावं न्हाई."

मी बाटली घेतली. दारातनं कुणी येतंय का बघितलं आणि हुंगलं.

"वरवर मनुका हाय."

"काळी का पिवळी?"

"काळी. उन्हात ठेवलेली."

"बरं. तिच्या मागनं?"

"लाकूड. नवं न्हवं. रोज धान्य वाहून वाहून गुळगुळीत झालेल्या बैलगाडीचं."

चाचांचे डोळे मिटलेलेच होते. हात मांडीवर, अंगठा बोटावरनं फिरत होता, त्यात पान असल्यासारखा.

"आणि खाली?"

मला वेळ लागला. पण होतं. अगदी तळाला. "पान वाळत घातलंय शेतात. पहाटे दव पडलंय त्याच्यावर. आणि आता ऊन यायलंय."

"व्हय," ते पुटपुटले. "तसाच यायचा."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नेमूच्या हसण्याचा आवाज आला. चाचांनी डोळे उघडले नाहीत.

"आणि?" ते म्हणाले.

मी बाटली पुन्हा नाकाशी नेली.